आईच्या दादरच्या फ्लॅटवर माझं नाव घालायचं का? गुरुवारी रजिस्ट्रेशन, तातडीचं

प्रेषक: समीर (१९ तारखेपर्यंत दादरला)
सोमवार, ८ डिसेंबर २०२५, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी,

गुरुवारी साडेअकराला सबरजिस्ट्रारकडे वेळ मिळाली आहे, म्हणून ही घाई. बिल्डिंग शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरचं अ‍ॅग्रीमेंट एकेका मेंबरबरोबर होतंय आणि आईचं म्हणणं असं की त्याआधीच ती मला बक्षीसपत्र करून देणार, म्हणजे नवीन घराच्या कागदावर थेट माझं नाव लागेल. मुलाला राहतं घर दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क दोनशे रुपयेच आहे, वर काही सेस असेल तो वेगळा. ताईची हरकत नाही. ती बोरिवलीला स्वतःच्या घरात आहे.

अडचण वेगळीच आहे. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं होतं की तिकडे लेबर पक्षाचं सरकार आल्यापासून दहा वर्षं राहिलेल्यांना भारतातल्या घरावरही ४० टक्के इनहेरिटन्स टॅक्स (वारसाकर) लागतो. मी सप्टेंबर २०१२ मध्ये तिकडे गेलो, म्हणजे दहा वर्षं केव्हाच झाली. तिकडचं घर आणि पेन्शन धरूनच करमाफीची मर्यादा ओलांडली जाते. नवीन फ्लॅट तीन कोटींच्या आसपास जाईल. म्हणजे उद्या मला काही झालं तर मुलींना एक कोटी वीस लाख भरायला लागणार? ते आणायचे कुठून, आईचं घर विकून?

रात्री एक वाजता आईला हे समजावत होतो. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांनी घेतलेलं घर आहे, त्याला इंग्लंडचा काय संबंध?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

समीर

---

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)
सोमवार, ८ डिसेंबर, सकाळी १०.१५

समीर, नाव अजिबात घालू नकोस. ४ जुलै २०२४ ला ४११ जागा घेऊन सरकार आलं आणि ३० ऑक्टोबरच्या पहिल्याच बजेटमध्ये वर्षाला चाळीस अब्ज पौंडांची करवाढ. वारसा, पेन्शन, शाळेच्या फीवर २० टक्के व्हॅट, नोकरी देणाऱ्यांनी पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (एनआय) १३.८ वरून १५ टक्के, काहीच सोडलं नाही. डावे आले की हे होणारच, हे मी निवडणुकीच्या आधीच या लिस्टवर लिहिलं होतं.

मंडळालाही झळ लागली आहे. संक्रांतीच्या जेवणाचा दर केटररने ताटामागे दोन पौंडांनी वाढवला आणि कारण दिलं एनआय. मी भांडलो, पण उपयोग झाला नाही. वर्गणी वाढवायचा प्रस्ताव त्यासाठीच ठेवला आहे. ज्यांनी अजून मत कळवलेलं नाही त्यांनी कळवा.

मिलिंद

---

प्रेषक: सुनंदा (पार्ले, फेब्रुवारीअखेरपर्यंत)
सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी १.०५

समीर, आधी पाणी पी आणि शांतपणे वाच. ३१ वर्षं हिशोबांच्या वह्यांत गेली आहेत माझी. यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली. तिकडचा इनहेरिटन्स टॅक्स घेणाऱ्यावर नसतो, जाणाऱ्याच्या इस्टेटीवर असतो. आई इंग्लंडमध्ये कधी राहिलेल्या नाहीत. त्यांनी तुला आज घर दिलं काय किंवा मृत्युपत्राने दिलं काय, दादरच्या घरावर त्यांच्या बाजूने तिकडचा एक पेनीही लागत नाही. आपल्याकडेही आईकडून मुलाला मिळालेल्यावर आयकर नाही. म्हणजे आईंचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना तसं सांग.

दुसरी. एकदा ते घर तुझं झालं की ते तुझ्या इस्टेटीत मोजलं जाईल. प्रश्न आहे तो इथे. ६ एप्रिल २०२५ पासून डोमिसाइल, म्हणजे कायमचं घर कुठलं ते, बघत नाहीत, वर्षं मोजतात. मागच्या वीसपैकी दहा करवर्षं तिकडे रहिवासी असलास तर जगातली सगळी मालमत्ता हिशोबात. ३,२५,००० पौंडांपर्यंत माफी, मुलांना राहतं घर गेलं तर आणखी १,७५,०००, त्याच्या वरच्या रकमेवर ४० टक्के. हा सव्वातीन लाखांचा आकडा एप्रिल २००९ पासून जागचा हललेला नाही, हेही ध्यानात घ्या. घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या आणि मर्यादा तिथेच.

आणि मिलिंद, हे सगळं लेबरच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. एप्रिल २०१७ पासून पंधरा वर्षांचा नियम होताच आणि तो दुसऱ्या सरकारने आणला होता. नॉन-डॉम, म्हणजे डोमिसाइल परदेशात असलेल्यांची करसवलत, बंद करायची घोषणाही मार्च २०२४ मध्ये आधीच्या सरकारचे अर्थमंत्री हंटसाहेब यांच्या बजेटात झाली. लेबरच्या अर्थमंत्री रीव्हजबाईंनी ती पुढे नेली, वारसाकराची बाजू कडक केली आणि पंधराचे दहा केले. समीरचं हे चौदावं करवर्ष. जुना नियम असता तरी फार तर दोन वर्षांनी तो त्यात आलाच असता.

अजून एक महत्त्वाचं राहिलं आहे, १९५६ च्या कराराचं. आत्ता बँकेत निघाले आहे, रात्री लिहिते. तोवर कशावरही सही करू नकोस.

सुनंदाताई

---

प्रेषक: नीता (माहेरी, मुलुंड)
सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी ३.२०

> कारण दिलं एनआय

मिलिंददादा, फ्लॅटचं मला काही कळत नाही, पण किचन मी चालवते, म्हणून या एका ओळीवर लिहिते.

माझ्याकडे तीन बायका पूर्णवेळ आहेत. ताशी १२.२१ पौंड, आठवड्याला साडेसदतीस तास, म्हणजे एकीचे वर्षाला साधारण २३,८०० होतात. नवीन नियमाने ५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्के, म्हणजे एकीमागे साधारण २,८२० आणि तिघींचे मिळून ८,४६०. पण लहान धंद्याला जी सूट मिळते ती त्याच बजेटमध्ये ५,००० वरून १०,५०० केली. म्हणजे मला एनआय शून्य. आधी चारशेसाडेचारशे पौंड तरी भरावे लागायचे.

वाढली ती मजुरी. ११.४४ वरून १२.२१, एकीमागे वर्षाला पंधराशे पौंड. ती मला जड जाते, खोटं कशाला बोलू. पण पहाटे पाचला येऊन शंभर पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईच्या हातात ते पैसे जातात, आणि त्यातले कितीतरी नालासोपारा-विरारला घरी पोचतात. तव्यासमोर चार तास उभं राहून बघा, मग ७७ पेन्स जास्त वाटणार नाहीत.

केटररला विचारा माणसं किती आहेत. सात-आठ असतील तर त्याचा एनआय खरंच वाढला आहे. तीन-चारच असतील तर दुसरं कारण सांगायला सांगा. आणि वर्गणीचं मत त्यानंतर देईन.

नीता

---

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)
सोमवार, ८ डिसेंबर, संध्याकाळी ४.०२

नीता, आकडे मान्य. त्याच्याकडे नऊ माणसं आहेत, मी स्वतः मोजली आहेत. केटररशी बोलणी खजिनदाराने करायची असा कार्यकारिणीचा ठराव आहे, तेव्हा कृपया कुणी परस्पर फोन करू नये. गेल्या गणपतीला तसं झालं आणि दोन वेगळे दर आले.

---

प्रेषक: वसंतकाका (गिरगाव)
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ८.४५

चि. समीर,

मी आता मंडळाचा नुसता जुना सभासद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुनंदा देईल. मला घाईबद्दल लिहायचं आहे.

१७ मे २००४, सोमवार. मी तेव्हा फोर्टात एका सबब्रोकरकडे बसत होतो. डाव्या आघाडीचे ५९ खासदार निवडून आलेले, त्यांच्या पाठिंब्याशिवाय सरकार होत नव्हतं आणि निर्गुंतवणूक आता बंद अशी विधानं टीव्हीवर चाललेली. शुक्रवारी बाजार सव्वातीनशेच्या वर पडला होता. सोमवारी दोनदा व्यवहार थांबवावे लागले. एका क्षणी सेन्सेक्स ८४२ अंकांनी खाली होता. पडद्यावर विकणारेच, घेणारा कोणी दिसेना. फोन उचलला की पलीकडून एकच शब्द, "काढ".

माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. धाकट्या मुलीच्या लग्नासाठी नऊ वर्षं जमवलेले शेअर्स होते त्याचे. मी म्हटलं, दादा, आज नको. तो म्हणाला, डावे आले, आता काही उरत नाही. मी त्याचं सगळं विकलं. मीच विकलं, माझ्या हाताने. त्या दिवशी बाजार ४,५०५ वर बंद झाला.

बुधवारी मनमोहन सिंगांचं नाव जाहीर झालं. साडेतीन वर्षांत तोच सेन्सेक्स वीस हजारांवर गेला. मुलीचं लग्न झालं, पण भावाने गावची जमीन विकून केलं. ती गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही आणि तो गेल्या वर्षी गेला.

चार वर्षं ते सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर चाललं, आणि बाजार वाढला तोही त्याच काळात. तेव्हा कोण निवडून आलं हे ऐकून घराचे कागद हलवू नकोस. नियम काय आहे तो वाच. गुरुवार चुकला तर दुसरी वेळ मिळते.

तुझा,
वसंतकाका

---

प्रेषक: हर्षद
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ९.३०

काका, वाचून गलबललो.

मिलिंदला एकच विचारतो. "डावे आले की हे होणारच" म्हणतोस, पण मला सगळ्यात मोठा फटका बसला तो २३ सप्टेंबर २०२२ च्या मिनी बजेटने. कर कमी करणारं, अगदी उजव्या विचाराचं बजेट होतं ते. तीन दिवसांत पौंड १.०३ डॉलरपर्यंत घसरला. माझ्या मॉर्गेजची (गृहकर्जाची) ठरलेल्या व्याजाची मुदत त्याच नोव्हेंबरात संपली आणि हप्ता महिन्याला चारशे दहा पौंडांनी वाढला, तो आजतागायत भरतोय. जुलै २०२४ च्या निकालानंतर बाजार शांत होता. आणि ज्यांनी पहिल्याच महिन्यात म्हाताऱ्यांचा विंटर फ्युएल भत्ता कापला त्यांना डावे म्हणायचं का, हाही प्रश्नच आहे. शेजारच्या ८१ वर्षांच्या आजी त्या हिवाळ्यात एकाच खोलीत हीटर लावून बसत होत्या. पुढच्या जूनमध्ये निर्णय बराचसा मागे घेतला, पण तो हिवाळा तर गेला.

हर्षद

---

प्रेषक: अनघा (सचिव)
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ९.५५

मंडळी, लिस्टवर पक्षीय राजकारण नको, हा नियम आपणच केला आहे. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या वेळी दोन कुटुंबं मंडळ सोडून गेली, ती अजून परत आलेली नाहीत, आणि मला ते आजही लागतं. कराबद्दल जरूर लिहा. कोण डावं, कोण उजवं हे वेगळ्या गप्पांत घ्या. समीरचा गुरुवार डोक्यावर आहे.

अनघा

---

प्रेषक: सुनंदा
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ११.१०

समीर, राहिलेलं लिहिते.

भारत आणि ब्रिटनमध्ये १९५६ चा इस्टेट ड्यूटीचा करार आहे. आपल्याकडे तेव्हा १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा होता. तो कर १९८५ मध्ये रद्द झाला, करार मात्र तसाच राहिला आणि तिकडच्या इनहेरिटन्स टॅक्सला आजही लागू आहे. एप्रिलच्या बदलानेही तो गेलेला नाही.

सोप्या भाषेत, मृत्यूच्या वेळी माणूस जुन्या अर्थाने ब्रिटनचा डोमिसाइल नसेल, भारताचाच असेल, तर ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर तिकडे मृत्यूनंतरचा कर लागत नाही. तिथे किती वर्षं राहिलास ते त्यात मोजत नाहीत. पण तीन अटी नीट वाच.

डोमिसाइल म्हणजे पासपोर्ट नव्हे. कायमचं घर कुठलं मानतोस, शेवटी कुठे राहणार, हे वागण्यातून दिसावं लागतं. "रिटायर झालो की परत जाऊ" असं आपण सगळेच म्हणतो. मीही वीस वर्षं म्हटलं. तिकडचे अधिकारी बघणार की परतीची तयारी खरंच होती का, मुलं कुठे, घर कुठे, कशात गुंतला होता. कायम तिकडेच राहायचं तू मनाशी ठरवलं असशील, तर हा करार तुला वाचवणार नाही. हे स्वतःला खरं खरं विचार.

भारतातली मालमत्ता इंग्लंडच्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने जाता कामा नये. म्हणून भारतातल्या मालमत्तेसाठी भारतीय कायद्याखालचं वेगळं मृत्युपत्र हवं. आपल्यातले बहुतेक जण तिकडे एकच विल करतात आणि त्यात "माझी जगातली सगळी मालमत्ता" असं लिहून मोकळे होतात. तिथेच घोटाळा होतो.

शिवाय हे फक्त मृत्यूनंतरच्या कराला आहे. जिवंतपणी ट्रस्टमध्ये वगैरे टाकलंस तर करार उपयोगाचा नाही.

आता माझं मत. बक्षीसपत्र आज करूच नको. मेंबर आई आहेत, अ‍ॅग्रीमेंट त्यांच्याच नावाने होऊ दे. नवीन घर ताब्यात यायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर बिल्डर जे भाडं देईल ते आईंच्या खात्यात जाऊ दे. ते तुझ्या नावावर आलं तर तुला तिकडे दाखवावं लागेल आणि करपात्र ठरलं तर भरावंही लागेल.

हे शेवटचं सगळ्यांसाठीच. आधी दोन हजार पौंडांच्या आतलं परदेशी उत्पन्न इकडेच ठेवलं तर नॉन-डॉमना तिकडे दाखवावं लागत नव्हतं. एप्रिलपासून तेही गेलं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त आहे, तिकडे नाही. पीपीएफचंही तेच. बँका माहिती आपोआप पाठवतात. पत्र यायची वाट बघू नका.

सुनंदाताई

---

प्रेषक: प्रदीप
मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी ६.५०

सुनंदाताई, आम्ही दोघं पुढच्या जूनमध्ये कायमचे परत येतोय, शिवाजी पार्कला. तिकडे २६ वर्षं झाली. विमानात बसलं की हे सगळं सुटतं ना?

---

प्रेषक: सुनंदा
मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी ९.३०

नाही, प्रदीप. वीस वर्षांच्या वर राहिलेल्याला सोडल्यानंतरही दहा वर्षं ते धरतात. दहा ते तेरा वर्षं राहिलेल्याला तीन, मग दर वर्षामागे एक वाढत जातं. पण तुम्ही खरोखर परत आलात, इथेच राहिलात, तर करारातल्या डोमिसाइलचा मुद्दा तुमच्या बाजूने भक्कम होतो. तिकडचं घर विकणार की ठेवणार, हे ठरवायच्या आधी एकदा पार्ल्याला या. चहा घेऊन कागद बघू. आणि वहिनींचंही वेगळं मृत्युपत्र हवं, तुमच्या एकट्याचं नको.

---

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)
मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी १०.४०

ताई, हे सगळं करसंध्येत घ्यायला हवं होतं. मार्चमध्ये मी हॉल घेऊन करसंध्या ठेवली, अकरा माणसं आली. पुढच्या वेळी तुम्ही बोलणार असाल तर हॉल मी बघतो. समीर, "नाव घालू नकोस" हे माझं उत्तर बरोबर निघालं, कारण चुकीचं होतं. ते मान्य करतो.

---

प्रेषक: समीर
गुरुवार, ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

मंडळी, मनापासून आभार.

बक्षीसपत्र केलं नाही. मंगळवारी रात्री ताईला बोलावलं आणि तिघं बसलो. सुनंदाताईंचा मेल मोठ्याने वाचून दाखवला. "परत येणार का, हे स्वतःला विचार" इथे आल्यावर आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माहीत नाही गं. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून लोखंडी कपाटातून बाबांची फाइल काढली, त्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बाबांच्या अक्षरातला नॉमिनेशनचा फॉर्म होता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकिलांनी काल समजावलं, म्हणून मृत्युपत्र लागलंच.

आईने मराठीत मृत्युपत्र केलं. अर्धा हिस्सा ताईला, अर्धा माझ्या दोन मुलींना. माझं नाव त्यात नाही, आणि ते मीच सुचवलं. मुलींच्या बाबतीत काय नियम लागतील ते त्या मोठ्या झाल्यावर बघतील. निदान माझ्या हिशोबात घर येणार नाही. साक्षीला आमचे डॉक्टर आणि समोरच्या काकू.

आज सबरजिस्ट्रारकडे अ‍ॅग्रीमेंट आणि मृत्युपत्र दोन्ही नोंदवलं. आईचा अंगठा मशीन घेईना. ८० वर्षांच्या हाताच्या रेषा पुसट झालेल्या, चार वेळा लाल दिवा लागला. मागे रांग, क्लार्क वैतागलेला. ताईने पर्समधून हँडक्रीम काढून आईचा अंगठा चोळला, फुंकर घातली, पाचव्यांदा हिरवा लागला. कॅमेऱ्यात बघा म्हटल्यावर आईने पदर सारखा केला.

सुनंदाताई, माझ्या स्वतःच्या इथल्या मृत्युपत्रासाठी शनिवारी सकाळी आलो तर चालेल का? एनआरई ठेवींच्या पावत्या घेऊन येतो, तीन वर्षांचं व्याज दाखवायचं राहिलं आहे.

नीता, संक्रांतीच्या पुरणपोळ्या तुझ्याकडून घ्याव्यात असं माझं मत. मिलिंदला विचारून.

समीर